'वंडर बॉईज' का पडला? लेखकाच्या दुखण्यावरचा इतका खरा विनोदी सिनेमा दुसरा नाही

उत्तररात्र

लेखकावरचा सिनेमा म्हटला की चित्र ठरलेलं असतं. कोरा कागद, चुरगळलेले बोळे, रिकामी बाटली आणि शेवटी एका रात्रीत उतरणारी महान कादंबरी. कर्टिस हॅन्सनचा 'वंडर बॉईज' (२०००) या वाटेला जातच नाही. ग्रेडी ट्रिप (मायकल डग्लस) हा पिट्सबर्गमध्ये सर्जनशील लेखन शिकवणारा प्राध्यापक. पहिल्या कादंबरीने नाव झालं, त्यालाही आता सात वर्षं होऊन गेली. दुसरीसाठी संपादक मागे लागलाय. ग्रेडीला सुचत नाही अशातला भाग नाही, त्याला थांबता येत नाही. बायकी गुलाबी गाऊन चढवून तो टंकयंत्रापुढे बसतो, नव्या कागदावर पानाचा क्रमांक टाइप करतो: २६१. जरा थांबतो आणि त्याच्यापुढे आणखी एक आकडा ठोकतो. अडीच हजारांवर पानं झालीत आणि शेवट अजून दृष्टिपथात नाही!

मग सुरू होतो गोंधळ. गाडीच्या डिकीत मेलेला कुत्रा, मॅरिलिन मन्रोने लग्नात घातलेला चोरीचा कोट, कुठलं खरं बोलतो ते कळू न देणारा विद्यार्थी जेम्स (टोबी मॅग्वायर). हसून पोट दुखतं. पण सिनेमाचा जीव एका शांत प्रसंगात आहे. ग्रेडीची विद्यार्थिनी हॅना ते बाड वाचते आणि आधी मनापासून कौतुक करते. मग अडखळत सांगते की यात प्रत्येकाच्या घोड्यांच्या वंशावळी आहेत, दातांच्या नोंदीसुद्धा आहेत. लेखकाने निवड करायची असते असं तुम्हीच शिकवता, आणि इथे तुम्ही काही निवडलेलंच दिसत नाही. लिहिणाऱ्या माणसाला इतकं नेमकं कुणी कधी सुनावलंय? माझ्या मते लेखनावरच्या सिनेमांत याच्या जवळपास जाणारा एकही नाही.

बिनपानी

असहमत. यात धडपडणारा लेखक मला कुठे दिसलाच नाही. पक्की नोकरी आहे, घर आहे, दारात गाडी आहे, वर पार्टीला बोलावणारे लोक आहेत. सकाळी बायको सोडून जाते, तिच्यामागे जायचं की नाही हेही या माणसाला नीट ठरवता येत नाही. ज्या सारावर (फ्रान्सिस मॅकडोर्मंड) त्याचं प्रेम आहे ती विद्यापीठाची कुलगुरू, ग्रेडीच्याच विभागप्रमुखाची बायको आणि आता गरोदर. सगळी जोखीम तिची, आणि कॅमेरा मात्र याच्या मरगळीवर. नोकरी सांभाळून रात्री लिहिणारी, पदरचे पैसे घालून पुस्तक काढणारी माणसं आपल्या आसपास आहेत. धडपड त्यांची. ग्रेडीचं दुखणं हे भरल्या पोटीचं दुखणं आहे.

तिकीटबारी

सिनेमा पडला त्यात प्रेक्षकांचा दोष कमी. अंदाजे साडेपाच कोटी डॉलर खर्च आणि जगभरची मिळकत साधारण ३.३ कोटी. फेब्रुवारी २००० मध्ये पॅरामाउंटने आणला तेव्हा पोस्टरवर नुसता डग्लसचा चेहरा. विनोदी सिनेमा आहे हेही त्यावरून कळत नव्हतं. समीक्षकांनी उचलून धरला म्हणून नव्या पोस्टरसह नोव्हेंबरात परत लावला, पण तोवर वेळ निघून गेली होती. ऑस्कर मिळालं ते बॉब डिलनच्या गाण्याला. स्टीव्ह क्लोव्हजची पटकथा नामांकनावरच थांबली, याची हळहळ वाटते.

उत्तररात्र

@बिनपानी, भरल्या पोटीचं असलं म्हणून दुखणं खोटं होत नाही. ज्या मायकल शेबॉनच्या कादंबरीवर हा सिनेमा आहे, त्याचंच बघा. पंचविशीच्या आतबाहेर पहिलं पुस्तक आलं आणि नाव झालं. दुसऱ्या कादंबरीवर पाच वर्षं घालवली, ती फुगत गेली आणि शेवटी टाकून द्यावी लागली. ते बाजूला सारून त्याने 'वंडर बॉईज' लिहिली, १९९५ मध्ये आली. पाच वर्षांचं लिखाण टाकणं ही धडपड नाही तर काय? नोकरी करून लिहिणाऱ्यालाही कधीतरी हे भोगावं लागतंच.

सारावर अन्याय होतो, हे मात्र शंभर टक्के मान्य. मॅकडोर्मंड नजरेतून जे सांगते, त्याला आणखी दोन प्रसंग हवे होते.

निळी शाई

माझा आक्षेप वेगळा आहे. हॅनाचं बोलणं ऐकल्यावर ग्रेडी काय करतो? काहीच नाही. पुढे गाडीच्या झटापटीत वारा सुटतो, पानं उडतात, नदीत जातात. प्रत दुसरी नाही. म्हणजे जी निवड लेखकाने करायची, ती वाऱ्याने केली! लिहिणाऱ्याचा खरा छळ असतो आपल्या हाताने दोनशे पानं बाजूला काढण्यात. अर्धं वाक्य जीव की प्राण वाटत असतं आणि तेच खोडावं लागतं. ते दाखवायचं टाळून दिग्दर्शकाने नायकाची सुटका करून दिली. शेवटी तर लॅपटॉप, संसार, सगळं जागच्या जागी.

उत्तररात्र

पानं उडाल्यानंतरचा प्रसंग परत बघा. ज्याच्या गाडीवरून हा तमाशा झाला तो माणूस ग्रेडीला विचारतो, पुस्तक कशाबद्दल होतं? ग्रेडीला सांगता येत नाही. मग लिहीत का राहिलास? थांबता येईना, एवढंच उत्तर. सुटका झालेला माणूस असा बोलत नाही. शिवाय निवड तो करतोच. मन्रोचा कोट त्या माणसाच्या गरोदर बायकोच्या अंगावर असतो, आणि आपली नोकरी पणाला लागलेली असतानाही ग्रेडी तो तिच्याकडेच राहू देतो. संपादकाचा रोख जेम्सच्या हस्तलिखिताकडे वळतो, तेव्हाही आड येत नाही. सगळं गच्च धरून ठेवणारा माणूस पहिल्यांदा हात सोडतो.

निळी शाई

कोट सोडणं सोपं होतं, तो त्याचा नव्हताच. नोकरीवर तो कधीचाच उदास आहे. जेम्सचं हस्तलिखितही जेम्सचं. हॅन्सन आणि क्लोव्हज यांच्यासारखी जोडी असताना मला एक प्रसंग हवा होता. ग्रेडी टेबलाशी बसलाय, समोर घोड्यांच्या वंशावळींचं प्रकरण आहे, आणि ते तो स्वतःच्या हाताने बाहेर काढतोय. कितीही मिनिटं लागली असती तरी मी बघितलं असतं.