एलएम३१७ च्या घरी बनवलेल्या सप्लायवर ४४४० चा बोर्ड : सकाळी स्वच्छ, संध्याकाळी हमिंग

पूर्वभाग_ऑडिओ
नमस्कार मंडळी. सोलापूरहून लिहितोय, घर पूर्व भागात. वडिलांच्या जुन्या कॅसेट भरपूर आहेत, भजनं, नाट्यगीतं, रेडिओवरून भरून घेतलेलं काय काय, ते सगळं परत नीट ऐकता यावं म्हणून टेप डेक दुरुस्त केला आणि त्याला ४४४० चा (एलए४४४० या अँप्लिफायर आयसीचा) स्टिरिओ बोर्ड जोडला. सप्लाय घरीच बनवलाय, व्होल्टेज कमीजास्त करता येईल असा, कारण पुढे त्याच्यावर प्रीअँप (बारीक सिग्नल आधी मोठा करणारं सर्किट) पण चालवून बघायचाय.

सर्किट साधंच आहे. ०-१५ चा २ अँपिअर ट्रान्सफॉर्मर, १एन५४०८ चे चार डायोड ब्रिजमध्ये (एसीचं डीसी करायला), १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर, मग एलएम३१७ (व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आयसी), त्याच्या आउटपुट आणि एडजस्ट पिनमध्ये आर१ २४० ओहम, खाली ५ के चा पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) आणि आउटपुटला १०० मायक्रो. हीटसिंक मध्यम साइजचा.

आता प्रॉब्लेम. लोड नसताना मीटरवर १२ व्होल्ट एकदम स्थिर. सकाळी कॅसेट लावली की आवाज स्वच्छ. पण संध्याकाळी सहानंतर व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर नेला की घर्रर्र असं हमिंग यायलंय, बेस आला की अजून जास्त, आणि व्हॉल्यूम कमी केला की बरंचसं जातंय. मीटर त्यावेळी ११.६ दाखवतो, म्हणजे व्होल्टेज काही फार पडत नाही. आयसी बदलला, दुसऱ्या दुकानातून आणून लावला, तेच. आमच्या आजूबाजूला लूम (यंत्रमाग) आहेत, संध्याकाळी लाइनचं व्होल्टेज १९५ पर्यंत खाली येतं हे मोजून बघितलंय, पण रेग्युलेटर लावलाय म्हटल्यावर त्याचा परिणाम व्हायला नको ना? कुठं शोधू सांगा.

बार्शीकर_टीव्ही
३१७ डुप्लिकेट मिळतात आजकाल, दोन्ही तसलेच असतील. मी म्हणतो कशाला एवढा व्याप, १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (तयार स्विचिंग सप्लाय) आणा आणि मोकळे व्हा.

जुना_रेडिओवाला
डुप्लिकेट असता तर सकाळी पण हमिंग आलं असतं हो. सकाळी स्वच्छ आणि संध्याकाळी नाही, हेच तर उत्तर आहे. पूर्वभाग, तुमचा आयसी चांगला आहे, त्याला खायलाच मिळत नाही.

नीट बघा. ३१७ ला आउटपुटपेक्षा इनपुटला निदान दोन-अडीच व्होल्ट जास्त लागतात. १२ हवे असतील तर इनपुट कुठल्याही क्षणी साडेचौदाच्या खाली जाता कामा नये. कुठल्याही क्षणी म्हणतोय मी, सरासरी नाही. तुमचा मीटर सरासरी दाखवतो, म्हणून तुम्हाला ११.६ दिसलं आणि वाटलं फार काही पडलं नाही. ते मध्ये मध्ये सेकंदाला १०० वेळा साडेदहापर्यंत खाली जाऊन वर येत असेल तरी मीटरला त्याचं काही नाही, पण स्पीकरला ते ऐकू येणार.

आता हिशोब करा. लाइन २३० असताना १५ व्होल्ट एसीचं शिखर (१.४ पट) २१ च्या आसपास, ब्रिजमधले दोन डायोड मिळून पावणेदोन-दोन व्होल्ट खातात, राहिले साधारण १९.४. दोन शिखरांच्या मधल्या वेळात बोर्डाला करंट द्यायचं काम एकट्या कपॅसिटरचं, तो वेळ साधारण ८ मिलिसेकंद धरा. अर्धा अँपिअर लोड असेल तर १००० मायक्रोवर ४ व्होल्ट उतरतात. म्हणजे तळ १५.४. निभावलं. संध्याकाळी लाइन १९५ झाली की १५ चे पावणेतेराच होतात, शिखर १८, डायोड वजा जाता १६.२, त्यातून तेच ४ गेले की तळ १२.२. साडेचौदा कुठे आणि १२.२ कुठे. त्या क्षणी रेग्युलेटर रेग्युलेटर राहतच नाही, वरचा रिपल (व्होल्टेजची ही वरखाली) तसाच खाली सोडून देतो. व्हॉल्यूम वाढवला की करंट एक अँपिअरपर्यंत जातो, मग तर २३० वर पण जमणार नाही.

आणि खात्री करायला काही विकत आणू नका. संध्याकाळी हमिंग चालू असताना पॉट फिरवून आउटपुट १२ चं ९ करा. ४४४० नऊवर चालतो, आवाज थोडा कमी होईल एवढंच. हमिंग एकदम गेलं तर दुखणं हेच. तसंच राहिलं तर दुसरीकडे बघू.

पूर्वभाग_ऑडिओ
काका, आत्ताच करून बघितलं. ९ वर घेतलं की हमिंग गायब, हळूहळू वर नेलं तर साडेदहाच्या पुढं परत सुरू होतंय. म्हणजे कपॅसिटर मोठा टाकायचा एवढंच ना? किती टाकू? आणि रिपल मीटरवर मोजता येतो का, स्कोप (व्होल्टेजची लहर दाखवणारं यंत्र) नाहीये माझ्याकडं. मी एसी रेंजवर इनपुट मोजलं तर ४० च्या आसपास काहीतरी दाखवायलाय, ते काय समजेना.

सर्किटवाली_पुणे
ते ४० खरं नाही. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरची एसी रेंज डीसी अडवत नाही, आत फक्त एक डायोड असतो, त्यामुळे डीसीवर ठेवला की तो जवळजवळ दुप्पट आकडा दाखवतो. लाल प्रोबच्या मध्ये १ मायक्रोफॅरडचा १०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर सिरीजमध्ये धरा आणि मग मोजा, डीसी अडेल आणि रिपलच दिसेल. जो आकडा येईल त्याला साडेतीनने गुणा, साधारण शिखर ते तळ फरक मिळतो. अगदी अचूक नाही पण १ व्होल्ट आहे की ४ एवढं नक्की कळतं.

मोजताना गाण्यावर मोजू नका, आकडा नाचत राहतो. टू-व्हीलरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब आउटपुटला लावा, पाऊण अँपिअरच्या वर स्थिर लोड मिळतो आणि कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. सप्लाय लोडवर तपासल्याशिवाय पास म्हणायचाच नाही, नो लोडचे १२ व्होल्ट काहीच सांगत नाहीत.

कपॅसिटर ४७०० घाला, ३५ व्होल्टचाच. २५ चा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, रात्री लूम बंद झाल्यावर तुमच्याकडे लाइन २५० ला जात असेल तर लोड नसताना त्या कपॅसिटरवर २५ च्या वर येऊ शकतात. ४७०० ने एक अँपिअरवर पण रिपल १.७ व्होल्टवर येतो, १९५ ला तळ साडेचौदा. म्हणजे अगदी काठावर. दोन ४७०० पॅरलल घातलेत तर निवांत. त्याच्यापुढे वाढवत बसू नका, कपॅसिटर जेवढा मोठा तेवढे चार्जिंगचे झटके मोठे. आणि हे पण लक्षात ठेवा की २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे २ अँपिअर डीसी नव्हे, ब्रिज आणि कपॅसिटरनंतर त्यातून सतत सव्वा अँपिअरच्या आतच काढायचं.

पण मला तुमच्या हमिंगपेक्षा त्या ५ के च्या पॉटची जास्त काळजी वाटते. २४० आणि ५ के चं गणित २७ व्होल्ट येतं, म्हणजे पॉट चुकून पूर्ण फिरला तर आउटपुट इनपुटच्या जवळ जाणार, १७-१८ आणि रात्री त्याच्याही वर. ४४४० ची चालू मर्यादा १८ आहे. पॉट जुना होऊन मधला स्लायडर क्षणभर सुटला तरी तेच, आणि सुटणारच कधीतरी. आर१ २२० करा आणि पॉट २.२ के चा घ्या, जास्तीत जास्त १३.९ मिळेल, ४४४० ला शिफारस १३.२ चीच आहे. पॉटची मधली पिन एका टोकाला जोडून टाका म्हणजे स्लायडर सुटला तरी १३.९ च्या वर जाणार नाही. प्रीअँपला पुढे जास्त व्होल्टेज लागलं तर त्याला वेगळा ३१७ लावा, सगळं एकाच सप्लायवर नको.

अजून एक, एडजस्ट पिनपासून ग्राउंडला १० मायक्रो लावा. रिपल दाबायची ताकद ६५ डीबीवरून ८० डीबीवर जाते, ऑडिओसाठी हा सगळ्यात स्वस्त फायदा. तो लावला की एडजस्टकडून आउटपुटकडे एक १एन४००२ आणि आउटपुटकडून इनपुटकडे दुसरा, नाहीतर आउटपुट शॉर्ट झाल्यावर तो कपॅसिटर आयसीतूनच रिकामा होतो.

बार्शीकर_टीव्ही
डायोडची पट्टी कुठल्या बाजूला ते पण सांगा ताई, पोरं उलटे लावतात.

सर्किटवाली_पुणे
बरोबर. पहिल्याची पट्टी आउटपुटकडे, दुसऱ्याची इनपुटकडे. आणि एसएमपीएस बद्दल, बोर्ड चालेल त्याच्यावर, पण टेप हेडचा सिग्नल इतका बारीक असतो की स्वस्त एसएमपीएसचा कचरा त्यात शिरायची भीती राहते. कॅसेटसाठी लिनिअरच (तुमच्यासारखा ट्रान्सफॉर्मर-रेग्युलेटरवाला) बरा.

पूर्वभाग_ऑडिओ
ताई, काका, दोघांचं सगळं केलं. दोन ४७०० ला डबीत जागा नव्हती, वायर लांबवून बाजूला चिकटवले. २२० आणि २.२ के टाकला, १० मायक्रो आणि दोन डायोड पण. संध्याकाळी बल्ब लावून मोजलं, आधी रिपल मीटरवर १.७ दाखवत होता आता ०.२, आणि लाइन १९६ असताना आउटपुट १२ वरून हललं नाही. व्हॉल्यूम वाढवला तरी ते घर्रर्र पूर्ण गेलंय.

पण आता एक नवीनच आवाज ऐकू यायलाय, बारीक चिर्रर्र असा. व्हॉल्यूम शून्यावर असला तरी तेवढाच, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. आधी होता का माहीत नाही, त्या मोठ्या आवाजात दबला असेल.

जुना_रेडिओवाला
व्हॉल्यूमवर अवलंबून नाही म्हणजे हा सप्लाय कमी पडल्याचा आवाज नाही, हा ग्राउंडचा आहे. बोर्डाची निगेटिव्ह वायर कुठून घेतलीत? ब्रिजच्या निगेटिव्हपासून की कपॅसिटरच्या?

पूर्वभाग_ऑडिओ
ब्रिजच्या पिनवरच टाकलीय, तिथं जागा होती म्हणून. कपॅसिटर आता लांब गेलेत ना.

जुना_रेडिओवाला
मग तेच. ब्रिज आणि कपॅसिटर यांच्यामधल्या वायरमधून चार्जिंगचे झटके जातात, सेकंदाला १००, आणि प्रत्येक झटका लोडच्या करंटच्या कितीतरी पट मोठा. त्या वायरचा रेझिस्टन्स किरकोळ असला तरी झटक्याला तिच्यावर काही मिलिव्होल्ट उभे राहतात आणि तुमचा बोर्ड त्यालाच ग्राउंड समजून बसलाय. ब्रिजकडून येणारी वायर फक्त कपॅसिटरच्या निगेटिव्हला संपवा. तिथून पुढे एकच जाड वायर आउटपुटच्या ग्राउंडला, आणि पॉटचं खालचं टोक, १० मायक्रोचं निगेटिव्ह, बोर्डाची निगेटिव्ह, सगळं तिथे त्या एका बिंदूवर. आर१ मात्र थेट आयसीच्या आउटपुट पायाला सोल्डर करा, बाहेरच्या टर्मिनलला नको. ट्रान्सफॉर्मरच्या एसीच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन डेकच्या हेडपासून लांब ठेवा, ती ५० हर्ट्झची जाड गुणगुण वेगळी असते, ती डेक आणि ट्रान्सफॉर्मर शेजारी ठेवले की येते.

पूर्वभाग_ऑडिओ
गेला काका!! ब्रिजवरची वायर काढून कपॅसिटरवर घेतली, बाकी सगळं एका बिंदूवर आणलं, आता स्पीकरला कान लावला तरी फक्त टेपचा सूऽऽ ऐकू येतोय. वडिलांना बोलावून ऐकवलं, ते म्हणायलेत तबल्याचा डग्गा पहिल्यांदा असा सुटा ऐकला.

आयसी मात्र चांगलाच तापायलाय, बोट ठेवून राहवत नाही. एवढं चालेल का?

सर्किटवाली_पुणे
सकाळी २३० ला एक अँपिअर घेतलात तर साडेसहा-सात वॅट त्या आयसीतच जळतात, रात्री २५० वर आठच्या पुढे. आत्ता चालेल, पण सोलापूरचा मे महिना म्हणजे बाहेरच ४२-४३, बंद डबीत अजून वर. तेव्हा आयसी स्वतःच बंद पडून परत चालू होत राहील आणि गाणं मध्येच तुटेल. निदान दुप्पट पृष्ठभागाचा फिनवाला हीटसिंक डबीच्या बाहेर उभा लावा, फिन उभ्या दिशेत. आयसीच्या मागच्या पत्र्यावर आउटपुटचं व्होल्टेज असतं म्हणून वीज अडवायला मध्ये मायका आणि स्क्रूला बुश हवाच, नाहीतर हीटसिंक डब्याला लागला की शॉर्ट. बसवल्यावर पत्रा आणि हीटसिंक यांच्यात मीटरवर कंटिन्युटी येत नाही ना एवढं बघून मगच स्विच ऑन करा.

जुना_रेडिओवाला
आणि त्या दोन ४७०० च्या दोन्ही टोकांवर २.२ के अर्धा वॅट लावा. बंद केल्यावर साठलेले व्होल्ट वीस-पंचवीस सेकंदात बरेचसे उतरतात, पण डबी उघडून हात घालायच्या आधी तिथे मीटर लावूनच बघायचं.