टर्बो जायला आला आहे; भरलेली गाडी कसारा घाटातून उतरवावी का?

दहाचाकी_पिंपळगाव (प्रश्न)

माझी दहा चाकी, बीएस-3 इंजिनाची गाडी आहे. अलीकडे जोर लावला की टर्बोमधून (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्यातून) शिट्टीसारखा बारीक आवाज येतो, उतारावर पाय काढून पुन्हा रेस दिली की मागे निळसर धूर दिसतो आणि इंजिन ऑइल पूर्वीपेक्षा लवकर उतरते. पिकअप मात्र फारसा कमी झालेला नाही. मेस्त्रींच्या मते टर्बोचा शाफ्ट ढिला झाला आहे, पण नवीन कार्ट्रिज (शाफ्ट, बेअरिंग आणि पंखे असलेला टर्बोचा मधला भाग) परवापर्यंत येणार नाही. इकडे वाशीच्या बाजारासाठी कांद्याच्या गोण्या भरून ताडपत्रीही बांधून झाली आहे, आणि व्यापारी सकाळच्या लिलावात माल हवा म्हणून अडून बसला आहे. अंतर सुमारे 200 किलोमीटर आहे. जाताना घाट चढायचा नसून उतरायचा आहे, त्यामुळे टर्बोवर जोर येणार नाही, आणि परत येताना गाडी रिकामी असेल, असा माझा विचार आहे. ऑइलचा कॅन सोबत ठेवून, वेग कमी ठेवून ही एक फेरी काढावी का?

डिझेल_मेस्त्री

शाफ्ट ढिला आहे हे त्यांनी हाताने पाहून सांगितले की आवाजावरून, हे आधी विचारा, कारण निळा धूर आणि ऑइल उतरणे ही दोन्ही लक्षणे टर्बो चांगला असतानाही दिसतात. एअर फिल्टर चोंदला असेल तर हवा ओढताना पंख्याच्या बाजूने सीलमधून ऑइलही ओढले जाते. टर्बोतून चेंबरकडे (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीकडे) ऑइल परत नेणारा पाइप दबला किंवा काजळीने भरला असेल, किंवा इंजिनाचा ब्रीदर (आतला वायू बाहेर सोडणारी नळी) बंद झाला असेल, तरी ऑइलला खाली उतरायला वाट राहत नाही आणि ते सीलमधून बाहेर पडते. इंटरकूलरच्या (टर्बोकडून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजला चीर पडली असेल तर शिट्टी येते, पण तेव्हा धूर काळा असतो, निळा नव्हे.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टर्बोकडे येणारा हवेचा रबरी होज काढा आणि पंख्याच्या मधला नट दोन बोटांत धरून हलवा. वर-खाली किंचित हालचाल होणे साहजिक आहे, कारण त्याचे बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगते. मात्र शाफ्ट आत-बाहेर सरकत असल्याचे बोटाला स्पष्ट जाणवत असेल, तर थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला आत-बाहेर सरकू न देणारे) गेले असे समजावे. त्यानंतर शाफ्ट एका बाजूला दाबून पंखा फिरवा आणि बॅटरीच्या उजेडात टर्बोच्या घराची (कवचाची) आतली भिंत पाहा. तिथे चकाकणारा ओरखडा असेल, किंवा पात्यांच्या कडा झिजून धारदार झाल्या असतील, तर ती गाडी गॅरेजच्या दारापर्यंतसुद्धा स्वतःच्या इंजिनावर नेऊ नये. हा पंखा मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो, आणि त्याचे पाते तुटले की तुकडा पुढच्या पाइपाने इंटरकूलरकडे आणि नशीब वाईट असेल तर सिलिंडरकडे जातो.

घाटपार

उतारावर टर्बोला जोर नसतो ही समजूत बऱ्याच चालकांची असते आणि ती अर्धीच खरी आहे. चढावर बूस्ट (टर्बोने निर्माण केलेला हवेचा दाब) तयार झालेला असतो आणि त्या दाबामुळे पंख्याच्या बाजूचे सील ऑइलला आतच रोखून धरते. घाट उतरताना आपण खालच्या गिअरमध्ये, पाय सोडून, इंजिनाचे फेरे चढे ठेवून येतो. तेव्हा बूस्ट जवळजवळ नसतो, ऑइलचा दाब मात्र पूर्ण असतो आणि पिस्टन हवा ओढतच असतात. झिजलेल्या सीलमधून ऑइल नेमके अशा वेळी आत जाते. आपला निळा धूर उतारावर पाय काढल्यानंतर दिसतो, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

यातला सर्वांत वाईट प्रकार म्हणजे इंजिन डिझेलऐवजी स्वतःच्याच ऑइलवर बेफाम पळू लागणे. मग किल्ली बंद करून किंवा डिझेल तोडून काही उपयोग होत नाही. उभ्या गाडीत हवेच्या नळकांड्यावर फळी दाबून, किंवा वरच्या गिअरमध्ये पूर्ण ब्रेक लावून क्लच सोडला, तर इंजिन बंद पाडता येते (हात लावायचा नाही, हात आत ओढला जातो). पण भरलेली गाडी कसारा घाटाच्या मध्यावर असताना क्लच दाबला तर इंजिन फुटेपर्यंत फिरते आणि गाडी उताराला मोकळी सुटते, आणि क्लच दाबला नाही तर तेच इंजिन गाडीला खाली रेटते. ज्या इंजिनाच्या जोरावर आपण घाट उतरणार आहात तेच उलटले, तर सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो आणि ते घाटात आधीच तापलेले असतात. सोबतचा ऑइलचा कॅन तिथे कामाचा नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाल्यापासून जुना घाट टाळता येतो हे खरे, पण ते शहाणपण चांगल्या गाडीसाठी आहे. बोगद्यात धूर ओकत बंद पडलेली गाडी हा आणखी मोठा घोळ आहे.

हिशेबी_मालक

मी फक्त हिशेबाचे बोलतो. आज थांबलात तर दुसरी गाडी, हमाली आणि व्यापाऱ्याची चार बोलणी एवढा खर्च आहे. गेलात आणि पाते इंजिनात गेले तर सिलिंडरचे लायनर, पिस्टन, हेड, टोइंग आणि गाडी उभी राहिल्याचे नुकसान, शिवाय माल तरीही रस्त्यात उतरवावा लागणारच. नेहमीच्या विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरलेला नसतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 190 नुसार, वाहन धोकादायक ठरवणारा दोष माहीत असताना ते रस्त्यावर चालवणारा आणि चालवू देणारा असे दोघेही दोषी ठरतात. त्या दोषामुळे अपघात झाला तर कैदेचीही तरतूद आहे. आपण दोष जाणता, हे तर आपल्या प्रश्नातच लिहिलेले आहे. कांदा म्हणजे दूध नव्हे. हवेशीर ठेवला तर एका दिवसाने बिघडत नाही.

डिझेलप्रेमी

जुन्या इंजिनांवर टर्बोची ऑइल लाइन बंद करून हळूहळू घरी आल्याचे मी ऐकले आहे. तसे करता येणार नाही का?

डिझेल_मेस्त्री

लाइन बंद केली तरी धुराच्या झोतात पंखा फिरतच राहतो आणि कोरडे बेअरिंग काही मिनिटांत जळते. टर्बो पूर्ण उतरवून पाइप जोडले तर रिकामी गाडी रांगत नेता येईल, पण भरलेल्या गाडीसाठी तो मार्ग नाही.

दहाचाकी_पिंपळगाव

होज काढून पाहिला. शाफ्ट आत-बाहेर सरकतो आहे, भिंतीवर एका बाजूला ओरखडा आहे आणि इंटरकूलरकडे जाणाऱ्या पाइपात बोट बुडेल एवढे ऑइल साचले आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांकडून दुसरी गाडी मागवली असून गोण्या तिच्यात चढवणे सुरू आहे. भाड्यातले फारसे काही हाती उरणार नाही. कार्ट्रिज आल्यावर ते बसवताना आणखी काय पाहावे?

डिझेल_मेस्त्री

इंटरकूलर खाली उतरवून डिझेलने धुवा आणि पूर्ण वाळवा, कारण त्यात साचलेले ऑइल नव्या टर्बोच्या पहिल्याच जोरात इंजिनात जाईल आणि घाटपार यांनी लिहिलेला प्रकार गॅरेजच्या दारात होईल. ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर नवे घ्या, टर्बोकडे येणारा आणि परत जाणारा असे दोन्ही पाइप उघडून आतली काजळी काढा, कारण जुना टर्बो बहुधा ऑइल न मिळाल्याने किंवा घाण ऑइलने गेला असणार. बसवताना नव्या कार्ट्रिजच्या तोंडात ऑइल ओतून पंखा हाताने फिरवा, डिझेल बंद ठेवून ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टर थोडा-थोडा मारा, आणि सुरू झाल्यावर काही मिनिटे रेस देऊ नका.