मदत हवी आहे: गाठ काढल्यावर डाव्या हाताची बोटं उघडत नाहीत, आरटीएमएस (डोक्याबाहेरून चुंबकाचे ठोके देऊन मेंदूला चेतवण्याचा उपचार) करावं का? (इंदूर)

रामबागकर: आई ५८ वर्षांची. मेंदूच्या उजव्या बाजूच्या मेनिंजिओमाचं (मेंदूच्या आवरणातली गाठ) ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. कवटीचं हाड टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवलंय. ऑपरेशनआधी एक फिट आली होती, फिटची गोळी लेव्हेटिरासेटाम ५०० सकाळ-संध्याकाळ चालू आहे. डावा खांदा हलतो, पण मूठ उघडत नाही. विजयनगरला एका मानसोपचार केंद्रात मशीन आहे, ते २० सिटिंग सांगतात. पट्ट्या चालतील का?

न्यूरोफिजिओ: ताई, टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही, त्या पट्ट्या सहसा अडत नाहीत. पेसमेकर, कॉक्लियर इम्प्लांट (कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र), शंटचा (मेंदूतलं पाणी काढणारी नळी) व्हॉल्व्ह किंवा धमनीवरची क्लिप असेल तर मात्र थांबा. ऑपरेशन नोट आणि नंतरचा एमआरआय सोबत न्या.

खरी मेख जागेत आहे. डिप्रेशनसाठी कॉइल (डोक्यावर धरायचं चुंबकाचं वेटोळं) डाव्या कपाळाकडे ठेवतात, बहुधा १० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १० ठोके. आईंनाही कॉइल डावीकडेच लागेल, म्हणून गफलत सहज होते. पण जागा त्यापेक्षा सुमारे ५ सेंटीमीटर मागे, हाताच्या मोटर (हालचाल चालवणाऱ्या) भागावर, आणि वेग १ हर्ट्झ. निरोगी अर्धा मेंदू जखमी अर्ध्याला दाबून धरतो, त्याला थोडा शांत करायचा असतो. तिथे १० हर्ट्झ दिले तर उलटंच होईल.

पहिल्या दिवशी उजव्या अंगठ्याकडे बघा. एकेका ठोक्याला तो टचकन हलला पाहिजे. ईएमजीवर (स्नायूतली वीज मोजणारी तपासणी) १० पैकी ५ वेळा ५० मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद येईल ती सर्वांत कमी ताकद म्हणजे थ्रेशोल्ड. तो न काढता कुणी सुरू करत असेल तर पैसे भरू नका. १ हर्ट्झवर ९०० ठोके म्हणजे १५ मिनिटं. कानात बोळे हवेतच.

रामबागकर: आणि फिट?

न्यूरोफिजिओ: १ हर्ट्झला धोका कमी, पण आधी फिट आलेली असल्याने न्यूरोलॉजिस्टची लेखी परवानगी घ्या. गोळी एकही चुकवू नका. रात्री झोप झाली नसेल तर त्या दिवशी सिटिंग नको. गोळीचा डोस बदलला की थ्रेशोल्ड पुन्हा काढायला सांगा.

फिजिओ_मल्हारगंज: एक भर. सिटिंग संपताच, गाडीत बसायच्या आधी, हाताचा व्यायाम करून घ्या: मनगट वर उचलणं, रुमाल पकडून सोडणं, वाटी उचलून ठेवणं. तासाभराने घरी येऊन केलं तर फायदा निसटतो. सर्जनना हेही विचारा, की गाठ सप्लिमेंटरी मोटर एरियाजवळ (हालचालीची आखणी करणारा मेंदूचा भाग) होती का? तिथली कमजोरी बरेचदा काही आठवड्यांत आपणहून ओसरते. या उपचाराचा भक्कम पुरावा पक्षाघातानंतरच्या हातासाठी आहे, गाठीच्या ऑपरेशननंतरचा अजून थोडा. त्यामुळे २० चे पैसे एकदम देऊ नका. १० सिटिंगनंतर मूठ किती उघडते ते मोजा, मग पुढचं ठरवा.