अनामिकांची स्त्रीवादी कविता मवाळ आहे का?

कवडसा
हिंदी कवितेसाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या पहिल्या स्त्री म्हणून अनामिकांचा गौरव झाला (2020, 'टोकरी में दिगन्त : थेरीगाथा 2014'; थेरीगाथा म्हणजे थेरींच्या, बौद्ध भिक्षुणींच्या, पाली गाथांचा संग्रह). गौरव रास्तच आहे, पण स्त्रीवादी कविता म्हणून ती मला मवाळ वाटते. 'स्त्रियाँ' घ्या. सुरुवात जबरदस्त: मुलांच्या फाटक्या वह्यांचे कागद चण्याच्या पुड्या बांधण्याआधी वाचले जातात, तसं आम्हाला वाचलं गेलं. आणि शेवट? परमपित्यांनो, परमपुरुषांनो, आता आम्हाला बख्शा! ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्याकडेच सुटका मागायची?

शेजारी हिंदीतल्याच कवयित्री कात्यायनींची 'सात भाइयों के बीच चम्पा' ठेवा. चंपा उखळात कुटली जाते, कोंड्याबरोबर उकिरड्यावर जाते, तरी उगवते. शेवटी तिला जाळून राख गावभर उधळतात. रात्री पाऊस पडतो आणि दुसऱ्या दिवशी दारोदारी, निवडुंगाच्या वेढ्यात, ती हसत उभी. विनंती कुठेच नाही.

जास्वंद
कवडसा, तुम्ही पहिली ओळ आणि शेवटची ओळ घेतलीत, मधली पायरी गाळलीत. मध्ये बायका म्हणतात, आम्हालाही नीट वाचा, बी. ए. नंतर नोकरीची पहिली जाहिरात वाचतात तसं एकेक अक्षर. थंडीत कुडकुडताना दूरची आग बघतात तसं बघा. अनाहत नाद ऐकतात तसं ऐका. एवढं मागितल्याबरोबर अफवांची टोळधाड उठते: दुश्चरित्र बायका, खाऊनपिऊन सुखी, रिकामटेकड्या, यांच्या कविता म्हणजे नुसता छंद. त्यानंतर 'बख़्शो' येतं, आणि तेही तीनदा. याचना एकदा करतात. तीनदा म्हटलं की ते 'बास करा आता' होतं. जाहीर वाचनात हा शेवट हमखास रडवेला केला जातो, तिथेच घोळ होतो. तो आवाज चढवून म्हणायचा.

आडवाट
मला अनामिकांचीच 'बेजगह' (जागा नसलेली) अधिक धारदार वाटते. 'स्थानभ्रष्टा न शोभन्ते दन्ताः केशा नखा नराः' हे सुभाषित आपण शाळेत पाठ केलेलं. जागेवरून ढळले की दात, केस, नखं आणि नर शोभत नाहीत. मुळात 'नराः' म्हणजे पुरुष आहेत. कवितेतले संस्कृतचे मास्तर अन्वय लावताना तिथे बायका घालतात, आणि वर्गातल्या मुली जागच्या जागी गोठतात. आरोप करणारी एक ओळ नाही, पण पाठ्यपुस्तक आणि मास्तर दोघंही उघडे पडतात. पुढे बालभारतीच्या पहिल्या पुस्तकासारखी लय येते: राम, शाळेत जा, राधा, स्वयंपाक कर. नव्या घरात रामला खोली मिळते. राधाने 'आणि माझी?' विचारलं की उत्तर येतं, मुली म्हणजे हवा, ऊन, माती. त्यांना घर नसतं. हे मवाळ?

कवडसा
मधला भाग मान्य. पण त्याच कवितेचा शेवट बघा: मला तुकारामाच्या एखाद्या अपुऱ्या अभंगासारखं समजून घ्या. मराठी वाचक सुखावतो, मीही सुखावलो. तरी जनाबाई, बहिणाबाई, सोयराबाई असताना जागा हरवलेल्या बाईने पुन्हा पुरुष संताचाच आडोसा का घ्यावा?

जास्वंद
आडोसा म्हणता येणार नाही. त्याच्या लगेच आधी ती स्वतःला पास कोर्सच्या बी. ए. च्या प्रश्नपत्रिकेत एका अभिजात ग्रंथातून सांडलेली ओळ म्हणते, आणि कुणी संदर्भासह स्पष्टीकरण करायला बसू नये असं बजावते. अपुरा अभंग हवा तो याच कारणाने, त्याचं उत्तर लिहून कुणी गुण मिळवू शकत नाही. बाकी महाराष्ट्रातल्या बायका अनामिकांना परक्या नाहीत. त्यांच्या 'दस द्वारे का पींजरा' या कादंबरीत पंडिता रमाबाई आहेत.

आडवाट
एक भर. कवडसा, तुमच्या चंपाच्या उखळाचं नातं थेरीगाथेतही सापडतं. मुत्ता नावाची थेरी पालीत सांगते की ती तीन वाकड्या गोष्टींतून सुटली: उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा. अनामिका मुजफ्फरपूरच्या. आजचा वैशाली जिल्हा 1972 पर्यंत मुजफ्फरपूरचाच भाग होता, म्हणजे वैशालीची गणिका आणि पुढे थेरी झालेली आम्रपाली त्यांच्या घरच्याच मुलखातली. थेरींशी त्या बरोबरीने बोलतात, ते या जवळिकीमुळे.

कवडसा
मुत्ता घर सोडून सुटली. अनामिकांची बाई बहुतेक कवितांत घरातच उभी राहून बोलते. माझा आक्षेप तिथे आहे आणि तो अजून कायम आहे. 'स्त्रियाँ'चा शेवट मात्र जास्वंद म्हणतात तसा चढ्या आवाजात वाचून बघतो.