नोवाया झेम्ल्या ओसाड नव्हतं हो

वर कुणीतरी लिहिलंय की नोवाया झेम्ल्यावर (रशियाच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रातली बेटं) माणूसच नव्हता म्हणून सोव्हिएतांनी तिथे अणुचाचण्या घेतल्या, हे अजिबात पटलं नाही. आज परवान्याशिवाय पाय ठेवता येत नाही ते तिथलं बेलुश्या गुबा आधी नेनेट्स (उत्तर रशियातली एक आदिवासी जमात) शिकाऱ्यांचं गाव होतं. तिथलाच टिको विल्का, अस्वलांची शिकार करणारा, मॉस्कोत जाऊन चित्रकला शिकला, परत येऊन तिथलेच हिमनग, डोंगर रंगवत बसायचा आणि पुढे १९२४ पासून बेटांच्या सोव्हिएतचा, म्हणजे स्थानिक परिषदेचा, अध्यक्ष होता.

१९५४ मध्ये चाचणीक्षेत्र ठरलं आणि या लोकांना उचलून मुख्य भूमीवर पाठवलं, विल्काही १९५६ मध्ये अर्खांगेल्स्कला गेला, तिथेच १९६० ला वारला. पुढच्याच वर्षी तिथे झार बॉम्बा, आजवरचा सगळ्यात मोठा अणुस्फोट. ओसाड कसलं, रिकामी केलेली बेटं आहेत ती!