फिरतीवर राहून भाषांतराच्या कामातून नियमित कमाई : व्यवस्था कशी लावावी?

गोदाकाठ

नमस्कार. मी नाशिकला राहते. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणे आणि मालिकांची उपशीर्षके तयार करणे हा माझा पूर्णवेळ व्यवसाय आहे. निम्मे काम मुंबईच्या एका संस्थेकडून येते आणि उरलेले परदेशातील ग्राहकांकडून ऑनलाइन मिळते. भाड्याच्या घराचा करार दिवाळीनंतर संपत आहे. तो न वाढवता वर्षभर फिरत राहावे, आधी सिंधुदुर्ग, मग हिमाचल आणि जमल्यास शेवटी थायलंड, असा माझा विचार आहे. हाताशी बचत फार नाही, त्यामुळे प्रवासाचा खर्च त्या त्या महिन्याच्या कमाईतूनच निघायला हवा.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कामाची मुदत न चुकवता फिरणे प्रत्यक्षात कसे जमवावे? परदेशातून येणाऱ्या पैशांवर कर आणि जीएसटी कसा लागतो? आणि पर्यटक म्हणून परदेशात गेल्यावर तिथे बसून आपले नेहमीचे काम केलेले चालते का? शिवाय, भाषांतराऐवजी प्रवासाच्या चित्रफितींचे चॅनल सुरू कर, खर्च त्यातूनच निघेल, असे एक मैत्रीण वारंवार सुचवते. त्याविषयीही अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

सह्यपठार

ताई, मीही भाषांतरच करतो आणि गेली काही वर्षे बराच काळ घराबाहेर असतो, म्हणून आधी चॅनलविषयी स्पष्ट सांगतो. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी यूट्यूब किमान १,००० सदस्य आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण, किंवा ९० दिवसांत छोट्या चित्रफितींची १ कोटी प्रेक्षणे मागते. तिथे पोहोचल्यावरही खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हाती येत नाहीत. मराठी प्रेक्षकवर्ग मोठा आहे आणि चांगले काम करणारे त्यावर उत्तम जगतातही. परंतु तिथवर जाण्याचा काळ दुसऱ्या उत्पन्नावर काढावा लागतो. तुमच्याकडे ते उत्पन्न भाषांतराचे आहे. ते सोडून जो प्रवास अजून सुरूही झालेला नाही त्याच्यावरच त्याच्या खर्चाचा भार टाकू नये, असे मला मनापासून वाटते.

आता मुदतींविषयी. एका ठिकाणी निदान महिनाभर राहावे, हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. दर तीन-चार दिवसांनी मुक्काम हलवला की सामान बांधणे, गाडी गाठणे, नव्या खोलीत बसायला जागा आणि जोडणी शोधणे यांतच कामाचे तास जातात, आणि भाषांतरासारख्या एकाग्रतेच्या कामाला त्याची झळ लगेच बसते. महिन्याच्या भाड्याचा दरही रोजच्या दराच्या मानाने पुष्कळ खाली येतो. मुक्काम हलवण्याचा दिवस आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ या वेळेत कोणतेही काम पोहोचते करण्याचे वचन देऊ नका.

सिंधुदुर्गात दिवाळीनंतर जात आहात ते योग्यच आहे. पावसाळ्यात तिथे वीज बराच वेळ गेली की मोबाइल टॉवरची बॅटरीही उतरते, आणि मग दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे जवळ असूनही उपयोग होत नाही. म्हणून खोली ठरवताना ब्रॉडबँड घरापर्यंत आले आहे का आणि राउटरला इन्व्हर्टरची जोड आहे का, हे घरमालकांना फोन करून विचारावे. ‘नेट आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नये; संध्याकाळी आठच्या सुमारास घेतलेल्या वेगचाचणीचे चित्र मागवावे, कारण त्या वेळी जोडणीवर सर्वाधिक ताण असतो. भाषांतराचे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालणारे असेल, तर संगणकावर उतरवून घेता येणारी त्याची आवृत्ती ग्राहकाला चालेल का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्या. म्हणजे जोडणी फक्त सकाळ-संध्याकाळ फाइल घेण्या-देण्यापुरती लागेल. उपशीर्षकांच्या बाबतीत मात्र करारातील गोपनीयतेचे कलम नीट वाचा. प्रदर्शित न झालेल्या मालिकेचे काम कॅफेतील खुल्या वायफायवर करणे हा अनेक करारांत सरळ भंग ठरतो.

घड्याळाचा हिशेबही पाहा. न्यूयॉर्कला सकाळी ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. दिवस मोकळा हवा असेल तर हे सोयीचेच आहे, पण रोज रात्री बैठकीला बसायला लावणारा ग्राहक असेल तर फिरण्याचा उत्साह महिन्याभरात मावळतो. ज्यांना फक्त ठरलेल्या तारखेला ठरलेले शब्द हवे असतात, असे ग्राहक जपावेत, मग त्यांचा दर थोडा कमी असला तरी हरकत नाही. हिमाचलहून पुढे लडाखला जाण्याचा मोह झाला, तर महाराष्ट्रातील प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालते, हे ध्यानात असू द्या.

लेखापाल सांगली

कराविषयी लिहितो. हे सर्वसाधारण मार्गदर्शन समजावे आणि विवरणपत्र भरण्यापूर्वी आपली कागदपत्रे सनदी लेखापालांना दाखवावीत.

आर्थिक वर्षात आपण १८२ किंवा अधिक दिवस भारतात असलात तर आपण येथील निवासी ठरता आणि जगात कोठूनही मिळालेले उत्पन्न येथे करपात्र होते. पैसे परदेशी खात्यात ठेवले किंवा काम परदेशात बसून केले, तरी त्यात फरक पडत नाही. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाख रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, परंतु ही सवलत फक्त निवासी व्यक्तींना आहे. बाहेर जास्त दिवस राहून अनिवासी झालो की कर वाचतो, असे सर्रास सांगितले जाते. आपल्यासारख्या मध्यम उत्पन्नाच्या व्यक्तीला भारतातील कमाईवर ते उलट महाग पडू शकते.

दुसरा गैरसमज अधिक नुकसान करणारा आहे. काही व्यवसायांना एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानून कर भरण्याची सोय आहे, आणि ‘फ्रीलान्सर आहात ना, मग निम्मेच दाखवा’ असा सल्ला सर्वत्र फिरतो. ही सोय वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद, लेखापाल अशा ठरवून दिलेल्या व्यवसायांसाठी आहे आणि भाषांतराचा त्या यादीत स्पष्ट उल्लेख नाही. म्हणून खर्चाचे कागद जपून ठेवावेत : इंटरनेट, सॉफ्टवेअरचे शुल्क, लॅपटॉपचा घसारा, पैसे पाठवणाऱ्या सेवांची दलाली. मालवणच्या खोलीचे भाडे किंवा मनालीचे तिकीट मात्र व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवू नये. तो प्रवास आपल्या आवडीसाठी आहे, कामाने मागितलेला नाही.

मुंबईची संस्था व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आधी कापून घेतलेला कर, कापत असेल, तर विवरणपत्र भरल्यावर जादा कापलेला कर परत मिळतो. टीडीएस वजा जाता १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर होणार असेल, तर आगाऊ कराच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा पाळाव्यात.

महाराष्ट्रातील सेवा व्यावसायिकाला वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी करावी लागते. नोंदणी झाल्यावर परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यात ठरते आणि दर आर्थिक वर्षी हमीपत्र दाखल केल्यास कर न आकारता बिल देता येते. परदेशी संकेतस्थळाला आपण दलाली देत असाल तर नोंदणीचा प्रश्न थोडा वेगळा होतो, तो सल्लागारांना अवश्य विचारावा. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचे बँकेकडून मिळणारे आवक प्रमाणपत्र वेळच्या वेळी उतरवून घ्यावे. पुढे निर्यात सिद्ध करण्याची वेळ आली की पहिली मागणी त्याचीच होते.

चाओ फ्राया

मी नोकरीनिमित्त बँकॉकला राहते, म्हणून थायलंडपुरते लिहिते. पर्यटक म्हणून मिळालेला प्रवेश हा कामासाठी नसतो. अनेक जण तसे करतात हे खरे असले, तरी त्याच्या भरवशावर अनेक महिन्यांची योजना आखू नये. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी थायलंडने जुलै २०२४ मध्ये स्वतंत्र व्हिसा आणला. त्याची मुदत पाच वर्षे असून प्रत्येक प्रवेशात १८० दिवस राहता येते आणि थायलंडमधील कंपनीसाठी काम करता येत नाही. अडचण एवढीच, की खात्यात ५ लाख बाट असल्याचे दाखवावे लागते, म्हणजे १३ लाख रुपयांहून अधिक. आपण बचत फार नाही असे लिहिले आहे, तेव्हा हा मार्ग सध्या आपला नाही, असे मला वाटते. इंडोनेशियाच्या अशाच परवान्याला वर्षाला ६०,००० डॉलरचे उत्पन्न लागते, त्यामुळे तोही विचारात घेऊ नये.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. फिरतीवर असलेल्या तरुण मंडळींना ‘थायलंडमध्ये डेटा एन्ट्री, राहणे-खाणे मोफत’ अशा जाहिराती टेलिग्रामवर सतत येतात. त्यांना भुलून आलेल्या माणसांना म्यानमारच्या म्यावड्डी भागात नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबण्यात आले. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुदलाच्या विमानांनी थायलंडमधील मे सोटहून ५४९ भारतीयांना परत आणले. भाषा जाणणाऱ्यांना या टोळ्या मुद्दाम हेरतात, म्हणून इथे हे लिहिणे मला आवश्यक वाटले. ओळख नसलेल्या मालकाच्या भरवशावर सीमेकडच्या गावी कधीही जाऊ नये. भारतात असताना काम देण्याआधी अनामत मागणारा कोणी भेटला आणि पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत पैसे पुढे सरकण्यापूर्वी गोठवले जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

गोदाकाठ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. थायलंड या वर्षी बाजूला ठेवते. हिमाचलनंतर काय करावे, आणि घराचा करार संपल्यावर बँक, पॅन वगैरेंसाठी पत्ता कोणता द्यावा?

सह्यपठार

पत्ता आई-वडिलांच्या घराचा द्यावा आणि भाडेकरार संपण्यापूर्वीच सर्व ठिकाणी तो बदलून घ्यावा. नंतर दूरवरून हे करणे त्रासाचे होते. बँकेला जोडलेले सिमकार्ड आळीपाळीने वापरायच्या सिमपासून वेगळे ठेवा आणि त्याचे रिचार्ज कधीही संपू देऊ नका. ओटीपी आला नाही तर खात्यात असलेले पैसेही वापरता येत नाहीत.

हिमाचलनंतर सिक्कीमचा विचार करावा. पाक्योंग जिल्ह्यातील याक्तेन या गावात २०२५ मध्ये शासनाच्या पुढाकाराने फिरतीवर राहून ऑनलाइन काम करणाऱ्या लोकांसाठी घरगुती निवास आणि इंटरनेटची सोय करण्यात आली आहे. पावसाळ्यात तिकडे दरडी कोसळून रस्ते बंद होतात, तेव्हा मार्च ते मे हा काळ धरावा. तिथेही पैसे भरण्यापूर्वी संध्याकाळच्या वेगचाचणीचे चित्र मागवावेच.