३,२१,५०,३१,७५१ मूळ संख्या? चार पाये पास झाले म्हणून?

घातांक: वरच्या शेषफळ यांच्या लेखात ३,२१,५०,३१,७५१ ला (पुढे न म्हणतो) ठामपणे मूळ संख्या म्हटलंय. आधार काय, तर फर्माची कसोटी: २, ३, ५, ७ या पायांच्या (म्हणजे ज्यांचा घात काढायचा त्या संख्यांच्या) (न−१) व्या घाताला न ने भागलं की बाकी १ येते, मूळ संख्येला यावी तशी. येतेच. पण न = १५१ × ७५१ × २८,३५१. गुणून बघा. १५०, ७५० आणि २८,३५० या तिघांनीही न−१ ला पूर्ण भाग जातो, म्हणजे ही कारमायकेल संख्या. या तीन अवयवांपैकी एकानेही भाग न जाणारा कुठलाही पाया घ्या, फर्माच्या कसोटीत बाकी १च येणार.

शेषफळ: मग मिलर-राबिन ही जास्त कडक कसोटी घ्या. न−१ = २ × १,६०,७५,१५,८७५. पायाचा हा विषम घात काढून न ने भागला की बाकी १ किंवा न−१ यायला हवी. २ आणि ५ ची १ येते, ३ आणि ७ ची न−१. चारही पास. आता?

घातांक: आता ११. बाकी २,१२,९१,६०,०९९, म्हणजे १ही नाही आणि न−१ही नाही. तिच्या वर्गाची बाकी मात्र १. बाकीतून १ वजा करून न शी मसावि काढा, १५१ मिळेल. १ मिळवून काढा, २,१२,९१,६०१ मिळेल, म्हणजे उरलेल्या दोन अवयवांचा गुणाकार. २,५०० कोटींच्या आत या चारही पायांतून निसटणारी ही एकच संयुक्त संख्या आहे, आणि तुम्ही नेमकी तीच उदाहरणाला घेतलीत!

भागाकार: एवढा खटाटोप कशाला? १५१ ही छत्तिसावी मूळ संख्या. ३६ भागाकारांत निकाल लागतो. आधी लहान मूळ संख्यांनी भागून बघायची शिस्तच राहिली नाही.

शेषफळ: लहान अवयव होता म्हणून. खरंच मूळ असती तर ५६,७०१ पर्यंत जावं लागलं असतं.

भागाकार: जा की! संगणकाला डोळ्याचं पातं लवायच्या आतलं काम आहे, आणि हाती पुरावा येतो, अंदाज नाही.

बिटबिट: ११ ची बाकी वेगळी येत असेल तर आधी गुणाकार तपासा. संगणकावर साइन्ड (ऋण-धन दोन्ही संख्या ठेवणाऱ्या) ३२ बिटांत २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जागाच नाही, म्हणून लोक साइन्ड ६४ घेतात आणि निर्धास्त होतात. त्याची मर्यादा सुमारे ९.२२ × १०^१८. इथे दोन बाक्यांचा गुणाकार १.०३ × १०^१९ पर्यंत चढतो, ओव्हरफ्लो होऊन (जागेत न मावून) ऋण होतो, आणि मग खरी मूळ संख्याही संयुक्त ठरते. अनसाइन्ड (ऋण संख्या न ठेवणारे) घ्या, तिथे १.८४ × १०^१९ पर्यंत मावतं.

घातांक: चर्चा कसोटीची चालली आहे, बिटांची नाही.

बिटबिट: बाकीच चुकीची असेल तर कसोटी कशाची? दर वेळी हे वगळता आणि दोष राबिनच्या माथी मारता.

भागाकार: भागाकारात ओव्हरफ्लोची भानगडच नाही.

बिटबिट: हे मान्य. तेवढंच.

शेषफळ: ठीक, ‘मूळ’ शब्द काढतो. पण कसोटी चुकली नव्हती, पाये कमी पडले.

घातांक: मिलर-राबिनपुरतं खरं आहे. फर्मात पाये वाढवून काही साधत नाही, लेखात तीच कसोटी आहे, ती आधी काढा. ४,७५,९१,२३,१४१ च्या आत मिलर-राबिनला २, ७, ६१ हे तीनच पाये पुरतात. इथे ७ पर्यंत सगळं पास होतं, ६१ वर पकडली जाते.